उभा वर्ग

बाळकुम, ठाणे
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

ती. वासंतीमावशी,

शाळेत तू माझी बाई होतीस आणि घरी मावशी, म्हणून दोन्ही नमस्कार एकदमच पोचते करते. आम्ही बरे आहोत. सुशांतचा खोकला गेला, माझ्या चष्म्याचा नंबर वाढला. तू कशी आहेस हे विचारायचं तर तू फोन उचलत नाहीस. दिवाळीत फराळाचा डबा घेऊन आले, तेव्हा मुकुलने दारातच सांगितलं की आई झोपली आहे. आतून मिक्सरचा आवाज येत होता. झोपेत चटणी वाटणारी माझी मावशी एकटीच असेल. मुकुलवर रागावू नकोस, त्याला खोटं बोलता येत नाही ही तुझीच शिकवण आहे.

वर्तकनगर काही परदेशात नाही, तरीही हे पत्र. पोस्टानेसुद्धा नाही, तुमच्या बिल्डिंगच्या खालच्या पेटीत मी स्वतः टाकून जाणार आहे. जिना चढणार नाही, भिऊ नकोस.

आधी कामाचं सांगते. एका शनिवारी सकाळी तू माझ्या वर्गात यावंस, एवढीच माझी मागणी आहे. नुसतं यायचं. हे वाचून तू मान हलवलीस, ती मला इथून दिसली. तरी पुढे वाच.

माझा वर्ग यंदा तिसरीचा. गुरुदत्त सर, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, दिवाळीच्या आधी कुठलंसं प्रशिक्षण घेऊन आले आणि तेव्हापासून त्यांच्या अंगात एआय आलं आहे. सगळ्या शिक्षकांना त्यांनी एक साधन लावून दिलं. धड्याचं नाव टाइप करायचं, मुलं किती मोठी आहेत ते सांगायचं आणि चहाला आधण येईपर्यंत आख्खं प्रेझेंटेशन तयार. चित्रं, प्रश्न, शेवटी टाळ्या वाजवणारं अस्वलसुद्धा. तू एकेक तक्ता रंगवायला रविवार घालवायचीस, आणि आम्ही भाचरं तुझ्या पोस्टर कलरच्या बाटल्यांची झाकणं हरवायचो. ते आठवून मला पहिल्यांदा थोडी लाजच वाटली. मग मी निर्लज्जपणे दहा प्रेझेंटेशनं बनवली.

मावशी, पण ती चित्रं तू बघायला हवीस. मी लिहिलं, ‘बाळकुम गाव, खाडी, जुना काळ’. आलं काय, तर निळीशार खाडी, तिच्या काठी बर्फासारखे मिठाचे ढीग, ढिगांवर उतरलेले गुलाबी पक्षी आणि एक होडी जिला दोन्हीकडे नाळच, म्हणजे पुढचं टोकच होतं, म्हणून ती दोन्ही बाजूंना निघालेली. आकाशात दिवसाउजेडी चंद्र. खिचडी खाऊन मुलं जड झालेली असतात, वर्गाला जुन्या गॅदरिंगचा मखमली पडदा लावून अंधार केलेला असतो, आणि त्या निळ्या उजेडात सगळ्यांचे चेहरे पाण्याखाली असल्यासारखे दिसतात. पंखा तेवढा कुरकुरतो. मग संचिता उठून म्हणाली, “बाई, आमची आजी बोलते, खाडीचं पाणी कधीच असं निळं नव्हतं. आणि मीठ पण असं पांढरं नसायचं, मळकं असायचं.”

संचिता गावातलीच. तिच्या घरी पूर्वी मिठागरावर जायचे, आता तिथे बत्तीस मजली टॉवर आहे आणि त्याच्या नावात ‘लेक’ आहे. मी म्हटलं, बरोबर आहे गं, हे चित्र मशीनने स्वप्नात काढलंय. त्यावर आर्यन म्हणाला, “मग त्याला उठवा ना.” तेव्हापासून आमचा खेळच झालाय. मशीनने चित्र काढायचं आणि मुलांनी त्यातलं स्वप्न कुठलं आणि खरं कुठलं ते सांगायचं. पाच पायांचा बैल सगळ्यांना सापडतो. पण सहावारी साडीचा पदर उलट्या खांद्यावर आहे, हे एकट्या संचिताला सापडलं.

ते साधन धडा वाचूनही दाखवतं. सुरुवातीला त्याचा जो आवाज होता तो बँकेच्या फोनवरच्या बाईचा. कमळाला कमल म्हणायची आणि बाळकुमला बालकुम. मुलं त्या आवाजावर हसायची नाहीतर झोपायची. मग मी तो आवाज बदलला. तशी सोय असते. आता मुलं ऐकतात.

तेवढं सोडून वर्गाचं सगळं सांगून झालं. कुंड्यांमधल्या अबोलीला खूप फुलं येतायत. सुशांत म्हणतो की तुझ्याकडून आणलेलं रोप आहे, तुझ्यासारखंच हट्टी आहे.

एक विचारू का? राग येऊ देऊ नकोस. तुला स्वप्नं पडतात का गं हल्ली? आणि त्यात तू कशी असतेस?

येशील ना?

तुझी
योगिनी

*

बाळकुम
रविवार, २३ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

आठवडा गेला, तुझं उत्तर नाही. मुकुलला विचारलं तर म्हणाला, पत्र वाचलंय, उशीखाली ठेवलंय, आणि आईने अबोलीचा मजकूर वाचून त्याला खुणेने दाखवलं की हट्टी कोण ते. म्हणजे तू पुरती रुसलेली नाहीस. त्या धीरावर आज खरं लिहिते.

मागच्या पत्रात ‘आवाज बदलला’ असं लिहून मी पुढच्या कुंडीवर उडी मारली, ते तुझ्या लक्षात आलंच असेल. वहीतली खाडाखोड तू दुरून ओळखायचीस. मावशी, तो आवाज तुझा आहे.

शाळा बंद होत्या त्या वर्षी तू मुलांसाठी धडे आणि कविता फोनवर बोलून पाठवायचीस, आठवतं? स्वयंपाकघराचं दार लावून बसायचीस, तरी मागे कुकरची शिट्टी यायची, कबुतरं घुमायची, तुझ्या बांगड्या वाजायच्या. ते सगळं तू मलाही पाठवायचीस, कुठे चुकलं का बघ म्हणून. चुकलेलं कधीच नसायचं. ते माझ्याकडे तसंच राहिलं. या साधनात एखाद्या माणसाचं बोलणं घातलं की ते त्या माणसासारखं बोलायला शिकतं. एका दुपारी रिकाम्या वर्गात बसून मी ते घातलं. त्याने विचारलं, मागचा गोंगाट काढून टाकू का? मी हो म्हटलं. शिट्टी गेली, कबुतरं गेली, बांगड्या गेल्या. मग मी खाडीचा धडा टाइप केला आणि बटण दाबलं.

तू खाडीबद्दल बोलायला लागलीस. तू कधीही न म्हटलेली वाक्यं, तुझ्या आवाजात. ‘भरतीचं पाणी’ म्हणताना तो तुझा भ, ज्याच्यात थोडा उन्हाळा असतो. मी बाकावर बसून ऐकत राहिले. बाहेर पाण्याच्या टाकीवर कावळे होते, खिडकीतून खाडीकडचा वारा येत होता, आणि मला आठवेना की आपण कुठल्या सालात आहोत. तुझं ऑपरेशन झालंच नाही असं वाटायला लागलं. डॉक्टरांनी गाठीबरोबर तुझा आवाज काढून घेतला, तो कुठेतरी गेला असेलच ना, असं मार्चपासून माझ्या मनात यायचं. त्या दुपारी वाटलं, इथे आलाय.

तुला विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, म्हणून विचारलं नाही. हे काही चांगलं कारण नाही, मला माहीत आहे. पण खोटं सांगण्यापेक्षा वाईट कारण सांगितलेलं बरं.

आता जे झालं ते सांगते. त्यासाठीच हे पत्र आहे.

दुसऱ्या दिवशी वर्गात अंधार केला आणि प्रेझेंटेशन लावलं. सुरुवातीला तू पाठवायचीस तसंच होतं, ‘नमस्कार मुलांनो’. आणि आख्खा वर्ग उभा राहिला. “नऽमस्तेऽ बाऽई.” अगदी सुरात. मला हसू आलं. नव्या बाई आल्या की उठून नमस्ते करायचं, हे आपणच पहिलीपासून त्यांच्या अंगात मुरवलेलं. बाईच दिसत नाहीत, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही.

पण मावशी, ती बसेनात. बाईंनी बसा म्हटल्याशिवाय बसायचं नाही, हेही आपणच मुरवलेलं. तू खाडीबद्दल बोलत राहिलीस आणि माझा वर्ग उभ्याने ऐकत राहिला. मी म्हटलं, अरे, बसा आता. आर्यनने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. “तुम्ही नका ना बोलू बाई. त्या बाई बोलतायत.” आणि संचिता हळूच म्हणाली, “त्यांनी अजून बसा नाही बोललं.” धडा संपला, टाळ्या वाजवणारं अस्वल आलं, दिवे लागले, तेव्हा कुठे एकेक करून ती खाली बसली, कुणीतरी न सांगताच निघून गेल्यासारखी.

पुढच्या दिवशी तेच. गुरुदत्त सरांना सांगितलं तर म्हणाले, “अहो योगिनीताई, साधं आहे. टाइप करा, बसा. काम झालं.” आता साधं तर आहेच. तुझ्या जुन्या बोलण्यात तो शब्द सापडतो का, म्हणून मी आधी सगळं पुन्हा ऐकलं. नाही सापडला. मग टाइप केला आणि ऐकला. आवाज तुझाच होता, शब्दही नीट होता, पाहुण्यांना खुर्ची दाखवताना म्हणतो तसा. पण मला तो इतका परका वाटला की मी घाईघाईने पुसून टाकला. तुझ्या तोंडून मी तो शब्द जन्मात पहिल्यांदा ऐकते आहे असं काहीसं वाटलं. का ते अजून कळत नाही. आठ महिने तू माझ्याशी एक अक्षर बोलली नव्हतीस, मग बसा म्हटलंस, तर मी आनंदाने बसायला हवं होतं.

मुलांनी आता तुझं नावही ठेवलंय, अंधारातल्या बाई. पडदा ओढायच्या आधीच विचारतात, आज अंधारातल्या बाई येणार का? आर्यनने विचारलं, त्या उजेडात का नाही येत? मी म्हटलं, त्यांचं जरा बरं नव्हतं. तो म्हणाला, “मग आता बऱ्या झाल्या असतील.”

मावशी, तू गळ्याला रुमाल बांधून घरात बसतेस. भाजीवाली आली तरी मुकुलला पुढे करतेस. लोक विचारतील आणि उत्तर देता येणार नाही, याची तुला भीती वाटते, आणि त्याहून जास्त चीड येते. इतकी वर्षं जिचा आवाज मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जायचा, तिला पाटीवर लिहून दाखवायला लाज वाटते. मला कळतं. मला हेही कळतं की हे लिहून मी तुझ्या दाराला धक्का देते आहे, आणि तू दार आतून आणखी घट्ट लावशील अशी मला भीती आहे. तसं झालं तर मुकुलकडून मला एका वेळेस चार शिव्या पाठव, मी त्या ऐकून घेईन. पण आठ महिने मी तुझ्या गप्प बसण्याला मान देत राहिले आणि त्यात तू दिसेनाशी झालीस. आता मला तो मान द्यायचा नाही. मला माझी मावशी हवी आहे.

मुकुलच्या फोनवर खाडीच्या धड्याचा एक तुकडा पाठवला आहे. ऐकायचा की नाही हे तू ठरव. तू काढून टाक म्हणालीस तर सगळं त्याच दिवशी काढून टाकेन, बँकेच्या बाईला परत बोलवेन. पण काढायच्या आधी एकदा वर्गात ये. येत्या शनिवारी, एकोणतीसला.

मला परवा स्वप्न पडलं. मिठागरावर आपण दोघी उभ्या होतो, पाणी त्या चित्रातल्यासारखं निळं होतं, आणि तू काहीतरी सांगत होतीस. ऐकू येत होतं पण कळत नव्हतं. मागे माझा वर्ग होता, रांगेत. जाग आली तेव्हा पहिला विचार आला तो हाच, की पोरं कधीची ताटकळलीत.

मुलं उभी आहेत, मावशी.

योगिनी

*

वर्तकनगर
बुधवार, २६ नोव्हेंबर २०२५

चि. योगिनीस,

अनेक आशीर्वाद. मुकुल हे पत्र तुझ्या गेटवर ठेवील. त्याला चहा दे, पण माझी चौकशी करू नकोस. तो सगळं सांगत सुटतो.

प्रथम व्याकरणाव्यतिरिक्त चुका. एक, न विचारता घेतलेली वस्तू परत करताना ‘वाईट कारण सांगितलेलं बरं’ असं म्हणून सुटता येत नाही. दोन, माझा आवाज कुठे गेला असेल याची कल्पना तू करू नयेस. तो हॉस्पिटलात गेला. मी सही केली होती. मला जगायचं होतं म्हणून केली, आणि अजूनही जगायचं आहे. तीन, मी झोपले होते हे खरं नव्हतं, आणि त्याबद्दल मी तुझी माफी मागते. चटणी लसणीची होती. मुकुलबरोबर बाटली पाठवली आहे.

तुकडा ऐकला. ऐकला म्हणजे पहिल्यांदा दोन वाक्यं ऐकली आणि फोन पालथा घालून ठेवला. फार राग आला. तुझा आला, डॉक्टरांचा आला, आणि त्या बयेचा आला, जी माझ्या घशातून इतक्या सहज बोलत होती आणि जिला ठसका म्हणून लागत नव्हता. चहा केला. चहा प्यायला मला वेळ लागतो. तेवढ्या वेळात राग थोडा निवला, मग दार लावून परत ऐकला. मग आणखी एकदा. खिडकीत ऊन होतं, खाली मुलं क्रिकेट खेळत होती, आणि मी माझं बोलणं ऐकत बसले होते, माझा गळा झाकून. खोटं कशाला सांगू, रडले. वाईट नाही वाटलं रडून.

ती श्वास घेत नाही, हे तुझ्या लक्षात आलं का? वाक्यामागून वाक्य. मी भरतीबद्दल सांगताना मध्ये थांबले असते, मागच्या बाकावर कोण काय करतंय ते बघितलं असतं. तिला मागचा बाक नाही.

तू स्वप्नाचं विचारलं होतंस. पडतं. स्वप्नात मी बोलते, अगदी पहिल्यासारखी, लांबलचक. समोर कुणी नसतं. त्या स्वप्नांतून उठले की दिवसभर मला कुणाला भेटावंसं वाटत नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, मुकुललाही नाही. तुझ्या पत्रात वर्ग उभा होता ते वाचलं आणि फार वेळ पुढचं वाचता आलं नाही. माझ्या समोर कुणीतरी होतं आणि ते ताटकळत होतं.

आता ‘बसा’चं. तुला तो शब्द सापडला नाही म्हणतेस. सापडणार कसा? मी तो कधी म्हटलेलाच नाही. तू माझ्याच वर्गात होतीस, दुसऱ्या रांगेत खिडकीपाशी, आणि विसरलीस. इतकी वर्षं नोकरी केली, मी मुलांना कधी तोंडाने बसा म्हटलं नाही. उजवा हात वर करायचा आणि सावकाश खाली आणायचा, झालं. बांगड्या मनगटावरून घसरायच्या, त्यांचा आवाज व्हायचा, आणि सबंध वर्ग खाली बसायचा. मागच्यांना हात दिसत नसे, ते बांगड्यांवर बसत. शाळा बंद होत्या तेव्हाही सवयीने नमस्कार मुलांनो म्हणून मी हात खाली आणत असे, स्वयंपाकघरात एकटी, फोनसमोर. ते तुझ्या मशीनने गोंगाट म्हणून काढून टाकलं.

आवाज ठेवावा की काढावा, याचा निर्णय मी वर्ग बघितल्यावर देईन. धडे वाचायला माझी फारशी हरकत नाही असं आज वाटतं. उद्या कदाचित वेगळं वाटेल. पण त्या आवाजात कुणाला शाबास म्हणवू नकोस. शाबास मुलाकडे बघून म्हणायचं असतं. आणि ती होडी नीट काढून घे. दोन्हीकडे नाळ असलेली होडी चालते कशी, हे मला संचिताला विचारायचं आहे. पाटी घेऊन येते आहे. मुलांना वाचता येतंच आहे, तेव्हा लाजायचं कारण उरत नाही. तरी लाज वाटेल. वाटू दे.

रुमाल बांधूनच येईन. कुणी विचारलं तर काय झालं ते मी लिहून सांगेन, तू मध्ये पडू नकोस. अंधार करू नकोस, पडदे उघडे ठेव.

ऑपरेशनच्या वेळी हातातलं सगळं उतरवून मुकुलच्या रुमालात बांधून दिलं होतं. ते तसंच कपाटात होतं. आज सोडलं. मनगट जरा बारीक झालं आहे, बांगड्या सैल होतात. वाजतात मात्र पहिल्यापेक्षा जास्त.

शनिवारी मी दारात आले की मुलं उठून उभी राहतील. त्यांना तू बसवू नकोस.

तुझी,
मावशी आणि बाई